गृहत्याग आणि गृहप्रवेश
जुनी वास्तू सोडताना पाळावयाचा धर्म

नवीन घरात पाऊल टाकावयाचे म्हटले की आपणांस शास्त्राची आठवण होते. मुहूर्त पाहिला जातो, गुरुजींना निमंत्रण जाते, आंब्याचा डहाळा आणि झेंडूच्या माळा आणल्या जातात. परंतु ज्या घरात वडिलांनी देह ठेवला, मुलींची लग्ने झाली, तीस-चाळीस गौरी-गणपती आले आणि गेले, ते घर सोडताना मात्र सामान मोजण्याच्या आणि गाडी ठरविण्याच्या गडबडीत कोणासही काही सुचत नाही. प्रवेशाचा सोहळा होतो. निरोपाचा होत नाही. वास्तविक आपल्या शास्त्रात या दोन्ही प्रसंगांचा विचार केलेला आहे. लष्करातील जुन्या गल्ल्या सोडून थाटीपूर, मुरार किंवा सिटी सेंटरकडे राहावयास जाणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढत असताना या विषयाचा थोडा अभ्यास आपण मिळून करावा, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

आमच्या घरी पौरोहित्य असल्यामुळे या बाबतीतले प्रश्न कानांवर नेहमी येतात. त्यांत पुढील प्रश्न विशेष आढळतो. "वडिलोपार्जित घराच्या छताच्या दगडी पट्ट्या तडकल्या होत्या, त्या काढून स्लॅब घातला, भिंती नव्या केल्या, वास्तुशांतीही केली. आता मुलांच्या सोयीसाठी दुसरीकडे नवे घर घेतले आहे. मग पूर्वी केलेली शांती वाया गेली काय? नव्या घराची पुन्हा करावी काय? आणि देवांचे काय करावयाचे?" हा एकच प्रश्न दिसत असला तरी त्यात चार निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

१. प्रवेशाचे तीन प्रकार

ज्योतिषशास्त्राच्या मुहूर्तग्रंथांत गृहप्रवेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सर्वस्वी नव्या घरात प्रथमच प्रवेश करणे, हा 'अपूर्व' प्रवेश. दीर्घ प्रवास संपवून आपल्याच घरी परत येणे, हा 'सपूर्व' प्रवेश. आणि अग्नी, पूर इत्यादींमुळे मोडलेले अथवा जीर्ण झालेले घर दुरुस्त करून त्यात पुन्हा राहावयास जाणे, हा 'द्वंद्व' प्रवेश होय.

हा भेद नीट ध्यानात घेतला की पुष्कळसा गोंधळ आपोआप मिटतो. छत बदलून, भिंती नव्या करून आपण जुन्याच घरात परत गेलो, तेव्हा तो द्वंद्व प्रवेश झाला. आता दुसऱ्या ठिकाणी नव्या घरात जात आहोत, हा अपूर्व प्रवेश आहे. दोन्ही प्रसंग वेगळे असल्याने एकाचे कर्म दुसऱ्यास लागू पडत नाही. मत्स्यपुराणात वास्तूचे उपशमन घराच्या आरंभी, घरात फेरबदल करताना आणि गृहप्रवेशाच्या वेळी करावे, असे सांगितले आहे. यास्तव दुरुस्तीच्या वेळी केलेली शांती योग्यच होती, आणि नव्या घरासाठी करावयाची शांतीही योग्यच आहे.

मग पहिली वाया गेली काय? मुळीच नाही. वास्तुशांती ही वास्तूची असते, मालकाची नव्हे. तिचे पुण्य भिंतींपाशी राहते आणि तेथे पुढे जो कोणी राहील त्याच्या उपयोगी पडते. आपल्या पूर्वजांनी वाटेवर झाडे लावली, विहिरी बांधल्या, त्या काही स्वतःच्याच तहानेसाठी नव्हेत. सोडून आलेल्या घराच्या शांतीकडेही त्याच दृष्टीने पाहावे.

२. वास्तुपुरुष कोण?

ज्याचे शमन करावयाचे तो वास्तुपुरुष कोण, हे मुलांस सांगता यावे म्हणून मत्स्यपुराणातील कथा थोडक्यात देतो. भगवान शंकर आणि अंधकासुर यांच्या युद्धात शंकरांच्या ललाटावरील घामाचा थेंब भूमीवर पडला आणि त्यातून एक विक्राळ भूत उत्पन्न झाले. रणातील रक्त पिऊनही त्याची भूक शमेना. ते त्रैलोक्य गिळावयास निघाले. तेव्हा सर्व देवांनी मिळून त्यास भूमीवर दाबून धरले, आणि ज्या देवाने जेथे धरले तेथेच तो देव वास करून राहिला. त्या भुताने आपल्या उपजीविकेची याचना केली. देवांनी त्यास सांगितले की, घरोघरी तुला बली मिळेल आणि वैश्वदेवात तुझा भाग राहील. देवांचा वास ज्याच्या अंगावर झाला, तो 'वास्तू' झाला.

घरासाठी ८१ पदांचे मंडल मांडून त्यावर ४५ देवतांचे आवाहन करतात. त्यांपैकी ३२ बाहेरच्या व १३ आतल्या असून मध्यभागी नऊ पदांवर ब्रह्मदेव असतो. आपल्या या प्रांताचेच भूषण असलेल्या अवंतीच्या वराहमिहिरांनी बृहत्संहितेत या विद्येचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे.

कथेचा मथितार्थ असा की, घराखालच्या भूमीस भूक आहे आणि तिला न विचारता, न देता तिच्यावर राहणे योग्य नव्हे. मुहूर्तशास्त्रकारांनी तर स्पष्टच बजावले आहे की, ज्या घरास दारे बसलेली नाहीत, ज्यावर छत नाही, जेथे बली दिला नाही आणि कोणास जेवू घातले नाही, अशा घरात शहाण्याने राहावयास जाऊ नये. यांतील पहिल्या दोन अटी गवंड्याच्या व सुताराच्या, आणि पुढच्या दोन गृहस्थाच्या आहेत. शास्त्राने त्या एकाच वाक्यात गुंफल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. काम अर्धवट असताना केवळ मुहूर्त साधण्यासाठी घाईने राहावयास जाणे शास्त्रास मान्य नाही.

३. निघण्याचा विधी

आता ज्या भागाकडे आपले दुर्लक्ष होते त्याकडे वळू. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, वसिष्ठांच्या मंडलात, घराचा स्वामी जो वास्तोष्पती त्याचे तीन ऋचांचे एक लहानसे सूक्त आहे. आम्हांस रोगरहित ठेव, आमच्या माणसांचे आणि गुरांचे कल्याण कर, बाप जसा मुलांना तसा तू आम्हांस हो, अशा आशयाची ती प्रार्थना आहे. वास्तुशांतीत हे मंत्र म्हटले जातात, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु तैत्तिरीय संहितेच्या तिसऱ्या कांडात या वास्तोष्पतीसाठी जो होम सांगितला आहे, तो घरात शिरण्याचा नसून घरातून निघण्याचा आहे, हे थोड्यांस ठाऊक असते.

अग्निहोत्री गृहस्थ आपले अग्नी आणि कुटुंब घेऊन एक वस्ती सोडून दुसरीकडे निघाला की त्याने वास्तोष्पतीस आहुती द्यावयाची असे. ती केव्हा द्यावयाची, हेही श्रुतीने सांगितले आहे. गाडीचा उजवा बैल जुंपलेला आहे आणि डावा अजून जुंपावयाचा आहे, अशा वेळी ती आहुती द्यावयाची. किती मार्मिक क्षण निवडला आहे पाहा! दोन्ही बैल मोकळे असतील तर माणूस अजून घरातच आहे. दोन्ही जुंपले तर त्याचे मन वाटेला लागले. एक जुंपलेला आणि एक मोकळा, म्हणजे पाय निघाला आहे आणि जीव अजून उंबऱ्यात आहे. त्याच वेळी घराच्या स्वामीस द्यावयाचे ते द्यावयाचे. तसे न करता जो निघतो, त्याच्या पाठोपाठ वास्तोष्पती रुद्ररूपाने उठून येतो व त्याचा घात करतो, असा इशाराही तेथे आहे.

अग्नी बरोबर नेण्यासाठी तो अरणींमध्ये साठविण्याचा जो विधी असे, त्यास 'समारोप' म्हणत. आपण सभेच्या शेवटच्या भाषणास समारोप म्हणतो. पण या विधीच्या शब्दात संपविण्याचा भाव नसून, पुढच्या मुक्कामी पुन्हा प्रज्वलित करण्यासाठी तेज सांभाळून घेण्याचा भाव आहे.

सांप्रत आपल्यांत अग्निहोत्री विरळा आणि बैलगाडीही विरळा. तथापि या वचनाचा अर्थ आजही तितकाच लागू आहे. घराचे देणे फेडल्याशिवाय निघाल्यास ते देणे आपल्या पाठोपाठ येते. ते देणे कोणते? शेजाऱ्यांकडून आणलेले पातेले, दुकानदाराच्या वहीतील बाकी, नगरपालिकेची पट्टी, भाडेकऱ्याची अनामत, कामवाल्या बाईंचा हिशोब ही तर उघड देणी झाली. त्यांखेरीज एक नाजूक देणे असते. वर्षानुवर्षे ज्या शेजाऱ्याशी पन्हळीच्या पाण्यावरून अबोला आहे, त्याच्या दारी जाऊन "आम्ही निघालो, काही उणे-अधिक बोलले गेले असेल तर मनात ठेवू नका" एवढे म्हणणे, हीसुद्धा वास्तोष्पतीस दिलेली आहुतीच होय.

दुरुस्त केलेले घर विकावयाचे असेल तर आणखी एक गोष्ट पाळावी. नव्या गिलाव्याने आणि रंगाने जुनी भेग झाकता येते. पण कोणती भिंत पावसाळ्यात ओल धरते, कोणती तुळई जुनीच ठेवली आहे, हे घरवाल्यास ठाऊक असते. ते घेणाऱ्यास सांगावे. वास्तू 'तथास्तु' म्हणत असते, असे आपल्या घरोघरी वडील माणसे सांगतात. त्या घरात शेवटचे बोललेले वाक्य जर खोटे असेल, तर तिने कशास तथास्तु म्हणावे?

४. देव न्यावयाचे की ठेवावयाचे?

मूर्ती दोन प्रकारच्या असतात. अचल मूर्ती पीठावर कायमची स्थापन केलेली असते. ती जागची हलवावयाची नसते, आणि हलविणे अगदीच भाग पडले तर त्यास स्वतंत्र विधी लागतो. चल मूर्ती ही देव्हाऱ्यातील, उचलून ताम्हनात घेऊन स्नान घालता येण्यासारखी असते. आपल्या घरांतील पंचायतन, कुलदेवतांचे चांदीचे टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शाळिग्राम, बाण हे सर्व चल होत. ते कुटुंबाबरोबर जातात. क्वचित जुन्या वाड्यात कोनाड्यातील किंवा चौकातील मारुती अथवा गणपती भिंतीत बसविलेला असतो. त्यास मात्र उपटून नेण्याचा विचार जाणत्यांना विचारल्याशिवाय करू नये. त्याच्या पूजेची व्यवस्था लावून देणे हेच बहुधा श्रेयस्कर.

या बाबतीत ग्वाल्हेरकरांस दूर जावयास नको. आपले 'लष्कर' हे नावच मुळी एका स्थलांतराची खूण आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी उज्जयिनी सोडून किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. 'चिटणीस की गोठ', 'शिंदे की छावनी' ही मोहल्ल्यांची नावे त्या तळाची आठवण अद्याप सांगतात. ज्यांचे पूर्वज त्या लष्कराबरोबर आले, त्यांनी देव्हारे पडशीत घालूनच आणले असतील. म्हणजे आपण ज्यास 'मूळ घर' म्हणून कवटाळतो, तेही कोणे एके काळी नवेच घर होते.

दौलतरावांच्या कुळाचे दैवत ज्योतिबा. शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. तेथून राणोजी शिंदे माळव्यात आले, परंतु कोल्हापूरजवळील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरील ज्योतिबाचे मंदिर त्यांनीच १७३० साली नव्याने बांधविले आणि त्याच आवारातील केदारेश्वराचे मंदिर दौलतरावांनी १८०८ साली बांधविले. म्हणजे लष्कर वसविण्याच्या दोनच वर्षे आधी त्यांचे हात मूळस्थानी देवाचे घर बांधण्यात गुंतले होते. घराणे शेकडो कोस दूर गेले, देव डोंगरावरच राहिला, पण नाते तुटले नाही.

पुढे जयाजीराव महाराजांनी जयविलास राजवाडा बांधला. सर मायकेल फिलोस यांनी आखलेला हा वाडा १८७४ साली पुरा झाला. दरबार हॉलमधील दोन प्रचंड झुंबरे टांगण्यापूर्वी छताची ताकद पारखण्यासाठी त्यावर हत्ती चढविले होते, असे सांगतात. राजकुटुंब महाराजवाड्याजवळील जुना गोरखी वाडा सोडून नव्या वाड्यात गेले. परंतु गोरखीतील जुने देवघर गोरखीतच राहिले. आजही विजयादशमीस शिंदे घराण्यातील मंडळी त्या देवघरात पूजेसाठी येतात. नवा वाडा कितीही मोठा झाला तरी वर्षातून एकदा जुन्या उंबऱ्याशी मस्तक लववावयाचे, ही रीत लहानशा घरानेही उचलण्यासारखी आहे.

याच्या उलट उदाहरण गोमंतकातले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळी म्हणजे कुठ्ठाळी येथील श्रीमंगेश १५६० साली नदीपलीकडे प्रियोळ येथे नेण्यात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, याप्रमाणे देवच स्थलांतर करून गेले. तेथे अचल मूर्तीही हलवाव्या लागल्या. कारण प्रश्न सोयीचा नव्हता, रक्षणाचा होता. त्यावरून असा बोध घ्यावा की, देव हलवू नये हा नियम आहे, परंतु देवाची पूजा बंद पडू देऊ नये हा त्याहून मोठा नियम आहे.

कुटुंब विभक्त होते तेव्हा "देव कोणाकडे?" हा तंटा पुष्कळ ठिकाणी होतो. १९२५ साली असाच एक तंटा थेट विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात पूजेची पाळी वेगवेगळ्या वारसांकडे फिरत असे, आणि आपल्या पाळीत ठाकूर आपल्या स्वतःच्या घरी नेण्याचा हक्क एकाने सांगितला. न्यायाधीशांनी ठरविले की, देवता ही काही टेबल-खुर्चीसारखी मालमत्ता नव्हे. तिचे स्वतःचे हित आणि तिची स्वतःची इच्छा विचारात घेतली पाहिजे, आणि त्यासाठी तिच्या बाजूने बोलणारा निःपक्षपाती प्रतिनिधी नेमला पाहिजे. परक्या देशातील न्यायासनास जे उमगले, ते आपण भावाभावांनी विसरू नये. वाटणीच्या वेळी घरातील प्रत्येकजण आपापली बाजू मांडतो; देवाची बाजू कोण मांडतो? ज्याच्या घरी नित्य पूजा, नैवेद्य आणि सांजवात खात्रीने होईल, त्याच्या घरी देव जावेत. रूढीने वडील भावाकडे मूळ देव राहतात. इतरांनी नवे टाक करवून, कुलदेवतेच्या स्थानी किंवा घरी पूजन करून घ्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

५. काय न्यावे, काय ठेवावे

न्यावयाचे : देव्हाऱ्यातील सर्व देव, शंख, घंटा, समया, निरांजन, पोथ्या, कुळाचाराची भांडी, जाते-पाटा असल्यास तो, आणि पितरांच्या तिथींची वही. ही वही बहुधा हरवते. निघण्यापूर्वी ती शोधून ठेवावी. नसेल तर घरातील वडील माणसांस विचारून लिहून काढावी. घर बदलताना भांडे हरवले तर दुसरे मिळते, आजोबांची तिथी हरवली तर ती मिळत नाही.

ठेवावयाचे : वास्तुशांतीच्या वेळी आग्नेय कोपऱ्यात पुरलेली वास्तुप्रतिमा कधीही उकरून काढू नये. ती त्या भूमीची आहे. वृंदावनही बांधकामासह तेथेच राहू द्यावे. मंजिऱ्या किंवा लहान रोप आणि त्यातील मूठभर माती न्यावी. एका घरच्या आजीबाईंनी नव्या घरी जाताना दागिन्यांची पेटी सुनेच्या हाती दिली आणि स्वतः केवळ त्या मातीची पुरचुंडी पदरात बांधून घेतली. त्यांस शास्त्र शिकवावयाची गरज नव्हती.

येथे अन्नपूर्णेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. विवाहात गौरीहरापाशी बसून मुलगी जिची पूजा करते, ती अन्नपूर्णा ती माहेराहून सासरी घेऊन येते. म्हणजे आपल्या प्रत्येक देव्हाऱ्यात एक देवी तरी अशी आहे, की जी घर सोडून आलेली आहे. आणि तिला आणणारी स्त्रीही घर सोडूनच आलेली असते. घर बदलण्याचे दुःख काय असते, हे पुरुषांनी एकदा होताच आपल्या घरातील स्त्रियांस विचारावे. त्यांनी ते कोवळ्या वयात, मुकाट्याने सोसले आहे.

६. मुहूर्ताविषयी एक सावधगिरी

काशीस १६०० साली लिहिलेल्या रामदैवज्ञांच्या 'मुहूर्तचिंतामणि' ग्रंथात नव्या घराच्या प्रवेशास उत्तरायण आणि माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ हे महिने सांगितले आहेत. रोहिणी, तिन्ही उत्तरा, मृग, चित्रा, अनुराधा, रेवती ही नक्षत्रे घेतली आहेत. जीर्ण घराच्या पुनःप्रवेशास मात्र सवलत आहे. कार्तिक, मार्गशीर्ष आणि श्रावण हे महिनेही चालतात. पुष्य, स्वाती, धनिष्ठा, शततारका ही नक्षत्रेही चालतात. गुरु-शुक्राच्या अस्ताचा विचारही तेथे आवश्यक मानलेला नाही. ही सवलत सहृदयतेची आहे. ज्याचे घर जळाले किंवा पडले, त्याने आभाळाखाली मुहूर्ताची वाट पाहात बसू नये, हा त्यातील भाव आहे.

आपल्याकडे एक विशेष घोटाळा होतो तो असा. आपला मराठी महिना अमावास्येस संपतो. येथील हिंदी पंचांगातील महिना पौर्णिमेस संपतो. शुक्ल पक्षात दोन्ही नावे एकच असतात, परंतु कृष्ण पक्षात महिना बदलतो. हिंदी पंचांगातील 'वैशाख कृष्ण' म्हणजे आपला चैत्र वद्य, आणि त्यांचा 'माघ कृष्ण' म्हणजे आपला पौष वद्य. म्हणून बाजारात मिळणाऱ्या पंचांगातील महिन्याचे नाव पाहून स्वतःच दिवस ठरवू नये. कोणत्या पद्धतीचा महिना आहे, हे गुरुजींकडून निश्चित करून घ्यावे.

७. प्रत्यक्ष क्रम

आदल्या दिवशी जुन्या घराची झाडलोट पुरी करावी; कारण माणूस घराबाहेर पडताच मागे केर काढू नये, अशी आपली रीत आहे. निघण्याच्या दिवशी सकाळी नित्य पूजा करून देवांस दहीभाताचा किंवा गोडाचा नैवेद्य दाखवावा आणि आम्ही अमुक ठिकाणी जात आहोत, आपणही चलावे, अशी प्रार्थना करून अक्षता वाहाव्यात. वास्तूस हळद-कुंकू व नैवेद्य ठेवून तिचे उपकार आठवावेत. मग देव तांदूळ पसरलेल्या ताम्हनात ठेवून, वर स्वच्छ वस्त्र झाकून, घरातील माणसाने मांडीवर घेऊन न्यावेत. ते सामानाच्या गाडीत पाठवू नयेत. नंदादीप असल्यास पेटता दिवा मोटारीत नेण्याचे साहस करू नये. नव्या घरी पोहोचताच प्रथम समई लावावी.

नव्या घरात कुलदेवता, जलाचा कलश, धान्य, मीठ आणि केरसुणी ही आधी न्यावीत. गणेशपूजन, पुण्याहवाचन, ग्रहमख, वास्तुमंडलपूजन, हवन, बली आणि घरास सूत्राने वेष्टन, असा शांतीचा सामान्य क्रम आहे. शेगडीवर दूध तापवून उतू जाऊ द्यावे आणि त्या दिवशी एका तरी अतिथीस जेवू घालावे. सदनिका असेल तर वास्तुप्रतिमेसाठी आग्नेय कोपऱ्यात फरशी बसविण्यापूर्वीच लहानशी जागा राखून ठेवण्यास कारागिरास सांगावे. भाड्याच्या घरात पूर्ण वास्तुशांतीचा आग्रह नसतो. गणेशपूजन व उदकशांती पुरते.

८. घरातील वडील माणसे

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. झाड जितके जुने तितके ते उपटून लावणे कठीण. सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाचे हातपाय त्या घराला पाठ झालेले असतात. अंधारातही किती पावलांवर उंबरा आहे, हे पायास ठाऊक असते. नव्या घरी ती सर्व पाठांतरे एका दिवसात पुसली जातात. ती माणसे चिडतात, रात्री उठून दार शोधतात, "मला घरी न्या" असे म्हणतात. त्यास हट्ट समजू नये.

यास्तव राहावयास जाण्यापूर्वी त्यांस दोन-चार वेळा नवे घर दाखवून आणावे. त्यांची खाट, त्यांचे कपाट, भिंतीवरील तसबीर ही जुन्या घरात ज्या बाजूस होती त्याच बाजूस मांडावी. रात्री मोरीपर्यंतच्या वाटेवर दिवा ठेवावा. देव्हारा कोठे असावा, हे त्यांस विचारावे आणि पहिली समई त्यांच्याच हातून लावावी. जेथे त्यांनी दिवा लावला, ते घर त्यांस परके राहात नाही. आणि वर्षातून एकदा, जुन्या मोहल्ल्यातील एखाद्या उत्सवास किंवा कीर्तनास, त्यांस तिकडे घेऊन जावे. गोरखीची रीत आपणांस हेच शिकविते.

कुटुंबात बसून विचार करण्यासाठी प्रश्न

१) आपल्या घरातील देवांपैकी कोणती मूर्ती कोणत्या पिढीत व कोठून आली?
२) आपली कुलदेवता कोणती, तिचे मूळस्थान कोठे, आणि तेथे आपण शेवटचे केव्हा गेलो?
३) राहत्या घरावर आज आपले कोणाचे देणे, वस्तूचे वा शब्दाचे, बाकी आहे?
४) घर बदलण्याचा निर्णय घेताना घरातील सर्वांत वडील आणि सर्वांत लहान माणसाचे म्हणणे ऐकले काय?

तात्पर्य, घर भिंतींचे असते आणि घरपण आचाराचे असते. भिंती मागे ठेवता येतात. आचार बरोबर न्यावा लागतो. एक बैल जुंपलेला आणि एक मोकळा असा जो क्षण प्रत्येक कुटुंबाच्या आयुष्यात केव्हातरी येतो, त्या क्षणी मागे वळून दोन हात जोडण्याची बुद्धी आपणां सर्वांस होवो, आणि ज्या घरी आपण जाऊ तेथील वास्तू आपल्या चांगल्या शब्दांस तथास्तु म्हणो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥